अँटीव्हायरस विकत घ्यावा का?
बऱ्याच भगिनी विचारतात, घरच्या कॉम्प्युटरसाठी दरवर्षी अँटीव्हायरसचे पैसे भरावेत का? आम्हीही कित्येक वर्षे भरले. पुण्याच्या क्विक हीलचा बॉक्स तेव्हा कॉम्प्युटरसोबतच घरी येई, आणि गरजही होती. पेन ड्राइव्हमधून व्हायरस घरोघर फिरत. पण 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर आतच येतो, फुकट. घरच्या वापराला तो पुरतो, असे आमचे मत. फक्त अपडेट बंद ठेवू नका. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेही पाहा.

गेल्या रमजानमध्ये आमच्या स्क्रीनवर पाटी झळकली: 'अँटीव्हायरसची मुदत संपली, पैसे भरा.' अम्मींनी घाबरून कार्डाचा नंबर टाकलासुद्धा. विकतचा अँटीव्हायरस तर आम्ही केव्हाच काढला होता! ती कुठल्याशा वेबसाइटची नोटिफिकेशन होती. अलहमदुलिल्लाह, ओटीपी द्यायच्या आत आम्ही पोहोचलो. ओटीपी आपणच दिला तर डिफेंडर काय, विकतचा काय, कोण वाचवणार? पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. घरात कोण काय म्हणेल, ते नंतर बघू.