सारथी हवाच, पण जागा!

चालकाविना धावणाऱ्या मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ साली बजावले. लक्षावधी चालकांच्या चुली विझविणारी सुधारणा आम्हांसही नको. परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या पहाटे नाशकात मिरची चौकात ट्रकशी टक्कर होऊन खाजगी बस पेटली व १२ जण प्राणांस मुकले. ह्या गाड्यांवर चालक होतेच!

यंत्राच्या हाती चाक देण्यास लोक कचरतात, ते गैर नव्हे. पुसलेले पट्टे, मोकाट गुरे व उलट दिशेने येणारी वाहने यांपुढे यंत्राचेही डोळे दिपतात. पण चाक न सोडता यंत्राचा इशारा ऐकण्यास कोणती हरकत? नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ योजनेत महापालिकेच्या बसगाड्यांवर चालकास टकरीआधी सावध करणारी यंत्रे बसविण्यात आली. सिटीलिंकनेही हा मार्ग चोखाळावा. मात्र यंत्राने टिपलेली माहिती चालकाची रोजी कापण्यास नव्हे, तर अपघाताच्या जागा सुधारण्यासच वापरावी. लोकांचा विश्वास जाहिरातींनी नव्हे, अशा न्यायानेच मिळेल.