बटणं कोणी दाबायची?

आर.एफ.आय.डी. म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि फायनल इयरचा ‘अटेंडन्स सिस्टीम’ प्रोजेक्ट. (सरांनी माफ करावं, पण हा प्रोजेक्ट दरवर्षी एखादा तरी ग्रुप करतोच!) मला मात्र हा टॅग घरात यायला हवा असं वाटतं. कपड्याला किंवा डब्याला टॅग, यंत्राच्या पॅनलमागे रीडर. वस्तू जवळ नेली की पॅनल आपोआप सेट. आता हे ‘आपोआप’ कुठपर्यंत न्यायचं, हा खरा प्रश्न. माझं मत सरळ आहे: टॅगने सांगावं, ठरवू नये.

आधी गरज आहे का ते बघू. होस्टेलच्या वॉशिंग मशीनवर डझनभर प्रोग्राम आहेत, वापरात एकच: क्विक वॉश. जीन्स असो की आईने विणलेला स्वेटर, सगळ्यांना एकच न्याय! घरीही वेगळं काही नाही. आमच्या आईने मशीनच्या नॉबशेजारी एक टिकली चिकटवून ठेवली आहे. नॉब तिथपर्यंत फिरवायचा, बास. पॅनल इंग्रजीत, चिन्हं बारीक, पुस्तिका कधीच हरवलेली. म्हणजे यंत्राला खूप काही येतं, पण त्याला ते सांगायची सोय आपल्याकडे नाही.

कल्पना नवी नाही. इटलीच्या मेरलोनी कंपनीने 2003 मध्येच असं वॉशिंग मशीन दाखवलं होतं. कपड्यावरचा टॅग वाचायचा आणि त्याप्रमाणे प्रोग्राम निवडायचा. सोबत तसाच फ्रिज आणि ओव्हनही. इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून नॉबच फिरवतोय. का बरं?

माहिती साठवायला जागा नाही म्हणून? अजिबात नाही. कपड्याच्या लेबलवर पाच प्रकारची चिन्हं असतात: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री आणि ड्रायक्लीन. एकेकाला एक बाइट दिला तरी पाच बाइटांत काम झालं. एनटॅग 213 सारख्या साध्या स्टिकरमध्ये 144 बाइट जागा असते. बॅटरीही नको, रीडरच्या क्षेत्रातून कॉइलला ऊर्जा मिळते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि उत्तर देते. हां, फास्टॅगचं तंत्र जसंच्या तसं इथे चालणार नाही. तो यूएचएफ पट्ट्यातला, काही मीटरवरून वाचला जाणारा. पाणी त्या लहरी शोषून घेतं आणि ड्रम पडला स्टीलचा. त्यापेक्षा 13.56 मेगाहर्ट्झचा, काही सेंटीमीटरवरून वाचला जाणारा टॅग बरा. रीडर पॅनलजवळ ठेवायचा, ड्रममध्ये नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्याला टॅग नाही तो कपडा गप्प बसतो! तुळशीबागेतून आणलेली लाल ओढणी, शिंप्याकडून शिवून घेतलेला झब्बा, आजीची नऊवारी: यांना टॅग कोण लावणार? रीडरला टॅगवाले पाच पांढरे शर्ट दिसतील, सहावी ओढणी दिसणारच नाही. पॅनल मोठ्या आत्मविश्वासाने ‘पांढरे, 60 अंश’ लावेल आणि सगळे शर्ट गुलाबी होऊन बाहेर येतील. आपल्याला काय माहीत नाही, हेच यंत्राला कळत नाही. म्हणून पॅनलने प्रोग्राम सुचवावा, तो मोठ्या अक्षरांत आणि मराठीत दाखवावा, आणि थांबावं. ‘सुरू’चं बटण माणसाने दाबावं. तेवढी एक सेकंदाची नजर पुरते.

दुसरा धोका कंपन्यांकडून आहे. सांगणारा टॅग हुकूम करणारा व्हायला वेळ लागत नाही. जीई कंपनीच्या काही फ्रिजमध्ये पाण्याच्या फिल्टरवर असाच टॅग असतो. टॅग नसलेला साधा फिल्टर बसवला की फ्रिज पाणीच देत नाही. उद्या मशीन म्हणेल, आमच्याच कंपनीची पावडर आणा, नाहीतर प्रोग्राम बंद! सोय म्हणून घरात घेतलेली गोष्ट दाराशी बसून राखण करायला लागते ती अशी. त्यामुळे टॅगवरची माहिती सगळ्यांना वाचता येईल अशा खुल्या मांडणीत हवी, आणि टॅग नसला तरी प्रत्येक बटण चाललं पाहिजे. या दोन अटी नसतील तर आईची टिकलीच बरी. ती निदान कोणाचं ऐकत नाही!

मग करायचं काय? माझी सूचना अशी: टॅग कपड्याला नको, पिशवीला लावा. पांढऱ्यांची एक, रंगीत कपड्यांची एक, लोकरीची एक. कपडे आपणच निवडून पिशवीत भरायचे, म्हणजे तुळशीबागेची ओढणीही योग्य पिशवीत जाईल. पिशवी पॅनलजवळ नेली की प्रोग्राम लागेल. तीन-चार स्टिकरमध्ये अख्ख्या घराचं भागेल, कपड्यात टॅग घालून गावभर हिंडायला नको, आणि निर्णय माणसाकडे राहील. ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत किंवा अजिबातच दिसत नाही, त्यांना तर पिशवीच्या स्पर्शावरूनही ओळखता येईल. हे काम त्यांच्यासाठी आधी व्हायला हवं, असं मला वाटतं.

आरसी522 रीडर आपल्या लॅबमध्ये धूळ खात पडलेत, मायक्रोकंट्रोलर प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हा यंदाच्या फायनल इयरवाल्यांनो, हजेरी घ्यायला सर समर्थ आहेत! तुम्ही होस्टेलच्या त्या मशीनकडे बघा. फक्त एक लक्षात ठेवा: शेवटचं बटण आपल्यासाठी राखून ठेवा. पटलं तर कामाला लागा, नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, वाद घालू.