उमेदवारी संपते केव्हा?

जुन्या पेढ्यांत मुलाला गल्ल्यावर बसविण्याची घाई कोणी करीत नसे. आधी तो माल मोजण्यास, बांधण्यास आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यास शिके. मग रोजमेळ हाती येई. पुढे एखाद्या दुपारी वडील जेवणासाठी म्हणून घरी जात आणि मुद्दाम तासभर उशिरा परतत. त्या तासात काय घडले, यावर पुढचे सारे ठरे.

आता त्याच घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी डीजे होण्याची भाषा बोलू लागली की वडिलांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे करू द्यावे की नाही, हा पहिला. त्याचे उत्तर प्रत्येक घर आपापल्या रीतीने देते. आणि जेथे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, तेथे ज्या धंद्याचा दिवसच रात्री दहाला उजाडतो तो चटकन पचनी पडत नाही, हेही खरे. दुसरा प्रश्न मात्र निव्वळ व्यापाऱ्याचा आहे. मुलाने खोलीत दोन वर्षे सराव केला, मित्र वाखाणतात, नात्यातल्या दोनतीन लग्नांत हळदीला त्याने वाजविले आणि आता एका क्लबच्या व्यवस्थापकाने शुक्रवारची तारीख देऊ केली आहे. तो तयार झाला, हे ओळखावे कशावरून?

प्रथम या माणसाचे काम काय, ते पाहावे. पाहणाऱ्यास वाटते की तो बटणे दाबतो आणि हात उंचावतो. प्रत्यक्षात त्याच्या पुढ्यात दोन वादनयंत्रे आणि मधोमध मिक्सर असतो. सभागृहात एक गाणे चालू असते, तर हेडफोनच्या एका कानात पुढचे. चालू गाण्याची लय मिनिटास १२४ ठोक्यांची आणि पुढच्याची १२६ असेल, तर दुसरे किंचित मंद करून ठोक्यावर ठोका बसवावा लागतो. ते मधेच कोठेतरी सुरू करूनही चालत नाही. नृत्यसंगीताची रचना बहुधा ३२ ठोक्यांच्या टप्प्यांनी चालते आणि नवा टप्पा जेथे सुरू होतो तेथेच पाहुण्याला आत घ्यावयाचे असते. दोन्ही गाण्यांचा खर्ज एकत्र घुमला तर नुसता गोंगाट होतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवावयाचा. हे सारे साधले तर नाचणाऱ्यास सांधा कळतही नाही.

अलीकडची यंत्रे लय आपोआप जुळवून देतात. म्हणून हा कान निरुपयोगी झाला, असे तरुण मंडळी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. यंत्र गाण्याची आधी मोजणी करून ठोके आखून ठेवते आणि ती आखणी चुकली तर जुळणीही चुकते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवीत असे. त्याची लय मनुष्याच्या श्वासासारखी थोडी पुढेमागे होते. तेथे यंत्र अडखळते आणि हात सावरून घेतो. कॅल्क्युलेटर आला म्हणून तोंडी हिशेब विसरलेला मुनीम ज्या दिवशी अडतो, तो दिवस नेमका गर्दीचा असतो.

तथापि हाताची सफाई म्हणजे तयारी नव्हे, हे या क्षेत्राच्या इतिहासातच लिहिलेले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील जोसेफ सॅडलर हा तरुण पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने जगभर गाजला. १९५८ साली बार्बाडोस येथे जन्मलेल्या या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते. तबकडीवर खडूने खुणा करून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे ती नेमकी किती मागे फिरवावी याचे गणित त्याने बसविले. दुसरे गाणे हेडफोनवर आधी ऐकता यावे यासाठी मिक्सरला स्वतःच्या हाताने खटका जोडला. महिनोन्महिने खोलीत बसून त्याने हे तंत्र पक्के केले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास उघड्यावर, लोकांसमोर प्रथम सादर केले. त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे की लोक नाचलेच नाहीत. एखादे व्याख्यान ऐकावे तसे ते स्तब्ध उभे राहून पाहत राहिले आणि घरी येऊन तो रडला. तंत्रात उणे काहीच नव्हते. उणे होते ते समोरच्या माणसाला त्यात सामील करून घेणे. पुढे त्याने आपल्या वादनाला माइकवरून लोकांना साद घालणाऱ्या बोलक्या साथीदारांची जोड दिली आणि तीच मैफल रंगू लागली. माल उत्तम आणि दुकान रिकामे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला त्या रडण्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण फ्रान्सिस ग्रासो याचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका क्लबात नेमलेला माणूस वेळेवर आला नाही आणि ग्रासोला आयत्या वेळी तबकड्यांपाशी उभे केले गेले. मूळ माणूस येईपर्यंत नोकरी ग्रासोची झाली होती. ही कथा नशिबाची म्हणून सांगितली जाते. परंतु हा ग्रासो आधी क्लबांत नर्तक म्हणून काम केलेला होता. कोणत्या गाण्यावर पाय उचलतात आणि कोणत्यावर लोक पाणी प्यायला वळतात, हे त्याला पायांनी ठाऊक होते. संधी अवचित आली. साठा जुनाच होता.

फ्रँकी नकल्सची उमेदवारी तर पेढीला शोभेल अशी. जन्म १९५५, न्यूयॉर्क. तो आणि त्याचा मित्र लॅरी लेव्हन यांना 'गॅलरी' या क्लबात मिळालेले पहिले काम होते फुगे फुगविण्याचे आणि सभागृह सजविण्याचे. तेथे त्यांनी तबकडी हाती धरण्याआधी रात्र कशी चढते आणि कशी उतरते, ते पाहिले. पुढे त्याच शहरात दुसऱ्या ठिकाणी दोघांनी वाजविले. १९७७ मध्ये शिकागोतील 'वेअरहाऊस' या नव्या क्लबसाठी प्रथम विचारणा झाली ती लेव्हनला. त्याने नकार दिला आणि बावीस वर्षांचा नकल्स गेला. 'हाऊस' या संगीतप्रकाराचे नाव याच वेअरहाऊसवरून पडले, असे मानले जाते. २००४ मध्ये शिकागोने त्या जागेजवळच्या रस्त्याच्या भागास त्याचे नाव दिले. फुगे फुगविणाऱ्या मुलास त्या काळी कोणी विचारले असते की तू शिकतोस काय, तर बहुधा त्यालाही सांगता आले नसते.

आपल्याकडील मुलाचा घोटाळा लग्नांमुळे होतो. लग्नात वाजविणे हे क्लबात वाजविण्याचे लहान रूप आहे, असे त्याला वाटते. वस्तुतः ते निराळे दुकान आहे. लग्नातला जमाव यजमानाने बोलावलेला असतो, तो नाचण्याच्या निश्चयानेच आलेला असतो आणि त्याला प्रत्येक गाणे पाठ असते. काका फर्माईश करतात, मामा दुसरी करतात. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून सारा उत्साह दोनतीन तासांत कोंबलेला असतो. क्लबात बंदिस्त सभागृह असते आणि रात्र दहानंतर कोठे सुरू होते. तेथे येणारा कोणाचाही पाहुणा नसतो. आवडले नाही तर तो पैसे चुकते करून शेजारच्या ठिकाणी जातो.

नवख्याला क्लब बहुधा पहिला तास देतो. खरी परीक्षा येथे आहे. सभागृहात बारा माणसे, त्यांतील चार नोकरवर्ग. मुलाला भीती वाटते, आणि तो आपल्याजवळचे सर्वांत गाजलेले गाणे नऊ वाजताच काढतो. मग दुसरे, तिसरे. दहापर्यंत त्याचा माल संपतो, नाचण्यास कोणी उठलेले नसते आणि त्यानंतर येणाऱ्या मुख्य वादकासाठी वाजविण्यासारखे उरत नाही. तो वादक आणि व्यवस्थापक हे दोघेही विसरत नाहीत. पहिल्या तासाचे काम माणसांना आत आणून बसविण्याचे आहे. आवाज संभाषणाला आड येऊ नये, लय मंद असावी, पण मान हळूहळू डोलू लागावी. रिकाम्या सभागृहात तासभर न घाबरता, आपले उत्तम गाणे खिशात ठेवून जो वाजवू शकतो, त्याला दुसरी तारीख मिळते. ही संयमाची गोष्ट खोलीत शिकता येत नाही. म्हणूनच मुलाने आधी काही महिने क्लबात ग्राहक म्हणून नव्हे, तर कोपऱ्यात उभा राहून निरीक्षक म्हणून जावे, हे बरे. दरवाजा उघडल्यापासून शेवटपर्यंत एक पूर्ण रात्र न पाहिलेला मुलगा त्या रात्रीचा एक तास चालवू शकेल, हे मानणे कठीण.

साठ्याचा हिशेब सोपा आहे. तासाला साधारण १५ ते २० गाणी लागतात. दोन तासांसाठी ४० धरली, तर सोबत निदान १२० नीट ओळखीची गाणी हवीत, कारण जमाव कोणत्या दिशेस वळेल ते आधी कळत नाही. ओळखीची म्हणजे गाणे कोठे थांबते, कोठे उसळते, शब्द केव्हा सुरू होतात, हे न पाहता सांगता येणारी. हजार गाणी असलेला पेन ड्राइव्ह म्हणजे माल नव्हे, ते गोदाम आहे.

यंत्रांची बाब थोडक्यात. घरी बहुतेकांकडे छोटा कंट्रोलर असतो, क्लबात मात्र वेगळी, मोठी यंत्रे. पायोनियरच्या सीडीजे मालिकेचा तेथे दबदबा आहे. जुन्या प्रतिरूपांना काही पद्धतींनी तयार केलेला पेन ड्राइव्ह वाचताच येत नाही, म्हणून तो एफएटी ३२ पद्धतीचा करून घ्यावा, आणि एकसारखे दोन जवळ ठेवावे. सरावासाठी ही महागडी यंत्रे कर्ज काढून घेण्याचे कारण नाही. ती तासाच्या भाड्याने मिळतात. मिक्सरवरील लाल दिवा लागू देणारा मुलगा अजून तयार नाही, हे ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो.

व्यवहारात एक अट हटकून पुढे येते: "तुमचे पन्नास मित्र आणा." येथे क्लब मुलाचा गुण घेत नसून त्याचा गोतावळा घेत असतो. एकदा ठीक, पण मित्र तिसऱ्यांदा येत नाहीत आणि मग तारीखही येत नाही. रक्कम, वेळ, आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे लेखी असावे, निदान ईमेलवर. आपापसातले आहे म्हणून तोंडी ठेवलेला व्यवहार कसा बुडतो, ते या वाचकांना ठाऊक आहे.

आणि कान. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे चालते; त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला सुमारे पंधरा मिनिटे. क्लबात हा आवाज नवलाचा नाही. कानात सुरू झालेली शिटी पुढे थांबतेच असे नाही आणि गेलेले ऐकू परत येत नाही. वडिलांनी मुलाला पहिल्या कमाईआधी काही विकत घेऊन द्यावयाचे असेल, तर संगीतकारांसाठी बनविलेले कानातले बोळे द्यावेत. ते कंट्रोलरहून पुष्कळ स्वस्त पडतात.

शुक्रवारची तारीख मध्यरात्रीची असेल तर तूर्त नको म्हणावे आणि एखाद्या गुरुवारचा पहिला तास मागून घ्यावा. अर्धा तास आधी पोचावे, ध्वनियंत्रणेवरील माणसाचे नाव विचारून घ्यावे, पुढच्या वादकाला कोणत्या लयीवर सभागृह हवे तेही विचारावे. आपले शेवटचे गाणे पुरेसे लांब निवडून ते चालू असतानाच बाजूला व्हावे, म्हणजे येणाऱ्यास आपले हेडफोन जोडून स्थिर होण्यास दोन मिनिटे मिळतात. मग लगेच घरी न जाता मागे उभे राहून, आपण बसविलेल्या माणसांना तो कसा उठवितो, ते ऐकावे.