धाडस कोणी करायचं?

यंदा दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभांची बोलावणी फार आली आणि जवळपास प्रत्येक व्यासपीठावर एकच उपदेश ऐकावा लागला. "मुलांनो, पैशामागे धावू नका, मन सांगेल ते शिका." सांगणारे बहुधा निवृत्तिवेतनधारक, त्यांची स्वतःची मुलं हिंजवडीत, नाहीतर थेट अमेरिकेत. हा उपदेश वर्षभर डोक्यात भुणभुणत राहिला आहे.

2025 हे वर्ष तसं भरगच्च गेलं. मराठवाड्यात सप्टेंबरच्या पुराने शेतं खरवडून नेली, शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे आदेश सरकारला मागे घ्यावे लागले, 12 मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. मराठीच्या अभिजात दर्जाला वर्ष झालं, त्याचेही हारतुरे झाले.

त्याच अभिजात भाषेत एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. करून जो तरुण महाविद्यालयात शिकवायला उभा राहतो, त्याची नेमणूक बऱ्याचदा तासिका तत्त्वावर असते. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. तेही हातात पडायला महिनेच्या महिने जातात. अशा 'सरां'ना मुलगी द्यायला कोणी धजत नाही, आणि बँकेचा साहेब पगारपत्रक मागतो. (आपल्या या वार्षिक अंकाच्या वाचकांत असे बरेच आहेत. अंक कुठे पाठवायचा, हे त्यांना दरवर्षी नव्याने विचारावं लागतं.)

व्यासपीठावर दाखला म्हणून धर्मानंद कोसंबी हमखास येतात. बौद्ध धर्माच्या ध्यासापायी गोव्यातलं घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल पालथं घातलं. इथवर टाळ्या. पुढचं गाळतात. कलकत्त्याची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात राहू शकले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना 50 रुपये बांधून दिले म्हणून; बदल्यात वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. आणि तान्ही मुलगी पदरात घेऊन मागे राहिलेल्या बायकोने त्यांच्या भटकंतीची वर्षं कशी काढली, याला भाषणात जागा नसते.

तेव्हा कर्ज काढून फी भरलेल्या घरातली मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली, तर तिला आम्ही नावं ठेवणार नाही. पहिल्या पगारात तिच्या बापाचा हप्ता असतो. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद पडून आहेत, म्हणून सतरा वर्षांच्या पोरांना त्यागाचे धडे देण्यापेक्षा ते वाचणाऱ्यांच्या कायम जागा भरा. सत्काराच्या मांडवावर उधळता, त्यातून एखाद्या अभ्यासकाचा तीन वर्षांचा खर्च उचला. सयाजीरावांनी नेमकं तेच केलं होतं, आणि लेखी अट घालून.

यंदाच्या अंकाचा विषय 'नदी'. संबंध ओढूनताणूनच जोडायचा, तर गोदावरीवरचा मुख्य लेख लिहिणारे गृहस्थ दिवसा विमा कचेरीत दावे तपासतात आणि रात्री जुनी गॅझेटियर वाचतात. लेखकांचं मानधन या खेपेस आम्ही वाढवलं आहे. त्यापायी अंकाची किंमतही वाढली. तक्रारीची पत्रं जरूर पाठवा, छापू.