विश्लेषण : संगणकावर पास झालेलं ॲप धडगावात का अडखळतं?

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आता त्याच आधारवरचा फोटो अंगणवाडीच्या आहाराशी जोडला गेला आहे. गरोदर आणि स्तनदा माता तसंच ६ महिने ते ३ वर्षांची बालकं यांना घरी नेण्यासाठी जो आहार मिळतो, तो देताना ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर चेहरा पडताळणं केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून बंधनकारक केलं. लहानग्यांच्या वतीने आई किंवा पालक चेहरा दाखवतात.

म्हणजे ॲप अडकलं तर केवळ नोंद राहत नाही, आहाराचं पाकीटही अडकू शकतं. कुपोषणाच्या बातम्यांमध्ये वर्षानुवर्षं नाव येणाऱ्या जिल्ह्यात ही साधी गोष्ट नाही.

ॲप तपासतात कसं?

बहुतेक ॲपची पहिली चाचणी एम्युलेटरवर होते. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उघडणारा आभासी फोन. गुगलच्या अँड्रॉइड स्टुडिओबरोबर तो फुकट मिळतो. रॅम किती, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, नेटवर्क वेगवान की जुनं ‘एज’, हे सगळं त्यात ठरवता येतं. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह वापरलं तर बराचसा कोड एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी ॲप काढता येतं. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाणं पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. जिकीर उरते ती तपासणीची. त्यासाठी दूर ठेवलेले खरे फोन इंटरनेटवरून भाड्याने वापरता येतात. आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी याच धंद्यात मोठी झाली.

मग चूक साधनांची आहे का? फारशी नाही. एम्युलेटरवर नेटवर्क मध्येच तोडूनही पाहता येतं. पण ते तोडून पाहायचं, हे कुणीतरी चाचणीच्या यादीत लिहावं लागतं. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात डोंगराच्या एका वळणावर रेंज येते, पुढच्या वळणावर जाते. यादी करणाऱ्याने ते वळण पाहिलेलं नसेल, तर ॲप ‘पास’ होऊनच बाहेर पडतं.

काही गोष्टी मात्र कुठल्याच साधनात बसत नाहीत. खिडकी नसलेली अंधारी खोली, कॅमेऱ्याच्या काचेवर आलेले ओरखडे, डोळ्यांची उघडझाप करा म्हटल्यावर गोंधळलेली आई. ओटीपी ज्या नंबरवर जातो, तो फोन नवऱ्याकडे असेल आणि नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेला असेल, तर काय? घरात भिली किंवा पावरी बोलली जात असेल, तर पडद्यावरची सूचना सेविकेलाच समजावून सांगावी लागते.

आधी काय घडलं होतं?

अंगणवाड्यांमध्ये आधी ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’ होतं, कॉमकेअर या प्लॅटफॉर्मवर बांधलेलं. १ मार्च २०२१ रोजी त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आलं. सॉफ्टवेअर बदललं, हातातला फोन मात्र तोच राहिला, २ जीबी रॅमचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरात सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. फोन हँग होतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो आणि ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. भाषेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. खरं तर हीच या ॲपची सर्वात मोठी चाचणी होती, फक्त ती ॲप वाटून झाल्यावर झाली.

ऑफलाइन सोय हा उपाय आहे का?

राज्याच्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये पिकाचा फोटो रेंज नसताना साठवून नंतर पाठवता येतो. चेहऱ्याचं तसं नाही. जुळवणी सर्व्हरवर करायची तर त्याच क्षणी नेटवर्क हवं, आणि फोनवरच करायची तर फोन दमदार हवा. शिवाय आहार घ्यायला आलेली आई समोर उभी असते. रेंज आल्यावर परत या, असं तिला सांगणं म्हणजे तिचा पुन्हा एक दिवस आणि डोंगरातली तीच पायपीट.