मनोविकार परिचारिका : चिकित्सेचा तिसरा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पदवीच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन पादांवर आपण वर्षे खर्च केली. चौथ्याशी आपली रोज गाठ पडते. तिसरा पाद मात्र बहुधा परीक्षेतील उत्तरापुरताच स्मरणात राहतो. ज्वर, कास, अतिसार यांत घरची माणसेच उपस्थात्याचे काम निभावून नेतात, म्हणून ही उणीव जाणवत नाही. मानसरोगांत ती तत्काळ जाणवते. तेथे औषध महिनोन्‌महिने चालते, रोगी पुष्कळदा स्वतःस रोगी मानत नाही, घरचे थकून जातात, आणि उपस्थाता नसेल तर उत्तम वैद्य व उत्तम औषध असूनही चिकित्सा अर्ध्यावर मोडते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत हा तिसरा पाद म्हणजे शासकीय सेवेतील मनोविकार परिचारिका होय. तिच्याकडे जाणारा नवा रोगी अनेकदा आधी गावच्या पुजाऱ्याकडे आणि नंतर आपल्या दवाखान्यात अथवा औषधी दुकानात येऊन गेलेला असतो. त्याला तिच्याविषयी काय सांगून पाठवावे, याचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘एकदा सरकारी दवाखान्यात दाखवून या’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. अशा रीतीने पाठविलेला रोगी एकदा जातो, पुन्हा जात नाही. आणि मानसरोगाची चिकित्सा खऱ्या अर्थाने दुसऱ्या भेटीपासूनच सुरू होते.

ही परिचारिका कोण?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. त्याचेच जिल्हा पातळीवरील रूप, म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ पासून टप्प्याटप्प्याने विस्तारत गेले. त्याच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि मनोविकार परिचारिका अशी पदे आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या आहे आणि राज्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणी करण्याची तरतूद आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अमेरिकेत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही निराळी श्रेणी आहे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात तिच्या शिक्षणाचा प्रारंभ झाला. मानसरोगांत उच्चशिक्षण घेतलेली अशी परिचारिका तेथे निदान करते, औषधे लिहून देते, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत हे डॉक्टरांच्या देखरेखीविना करू शकते. परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून अशा भेटींची वर्णने ऐकून आपल्याकडील काही कुटुंबे तीच अपेक्षा येथे धरतात. आपल्याकडे मानसरोगांसाठी अशी औषधे लिहिणारी श्रेणी नाही. येथे निदान आणि औषधयोजना डॉक्टरांची. परिचारिका रोग्याची तपशीलवार विचारपूस करते, दिलेले औषध लागू पडते की नाही हे पाहते, दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाची दीर्घकालीन इंजेक्शने देते, दुष्परिणाम ओळखते, कुटुंबास समजावते आणि न आलेल्या रोग्याचा शोध घेते. ‘सिस्टरने नवीन गोळी लिहून दिली नाही’ म्हणून रुसणाऱ्या रोग्यास हे आधी सांगितलेले बरे.

तरीही तिचे काम दुय्यम मानू नये. सिरोंचापासून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहूनही पुढे नागपूरला. मनोविकारतज्ज्ञाची भेट काही मिनिटांची आणि क्वचित होणारी. परिचारिकेची भेट वारंवार. रोग्याची घडी बसते ती या वारंवारतेमुळे.

रोग्याचे चार गुण

शास्त्रकारांनी रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. नव्या रोग्यास काय सांगावे याचे याहून उत्तम टिपण आम्हास सुचत नाही.

ज्ञापकत्व म्हणजे आपला रोग यथार्थ सांगता येणे. पहिल्या भेटीत परिचारिका झोप, भूक, भीती, कानी पडणारे आवाज, घरातील कलह, मोहाची दारू, खर्रा, गांजा यांविषयी विचारील. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारील. हा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात, कधी चिडतात. त्यांना आधीच सांगावे की, विचारल्याने असा विचार मनात उत्पन्न होत नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो त्यास बोलावयास वाट मिळते. पोलिसांच्या भीतीने पूर्वीचा प्रयत्न लपविण्याचेही कारण नाही. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. परिचारिका मराठी बोलणारी. दुभाषा म्हणून नवराच बसला तर बाईचे दुःख त्याच्या तोंडून जितके निघेल तितकेच निघते. भाषा जाणणारी आशा कार्यकर्ती अथवा विश्वासातील दुसरी स्त्री सोबत पाठविणे हे साधे काम वैद्य करू शकतो.

स्मृती म्हणजे मागील हकीकत नीट आठवणे. जुने कागद, रिकामी पाकिटे, आणि आपण दिलेली चूर्णे, वटी, आसवे हे सर्व एका पिशवीत घालून नेण्यास सांगावे. लक्षणे केव्हा सुरू झाली हे घरातील ज्यास ठाऊक आहे, असा मनुष्य सोबत हवा. अचानक बडबड अथवा भ्रम सुरू झाला आणि सोबत ताप असेल, तर ही पिशवी भरत बसू नये. या जंगलपट्ट्यात तो मेंदूज्वर अथवा मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप असू शकतो. तो रोगी तडक रुग्णालयात गेला पाहिजे.

निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे. विषादावरील आधुनिक औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यात जाणवतात. हे ठाऊक नसलेला रोगी दहाव्या दिवशी गोळ्या फेकून देतो. बरे वाटू लागल्यावर मनानेच औषध बंद करणे हा दुसरा धोका. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आले आहेत; म्हणून आषाढापूर्वीच पुरेशा गोळ्या आणि इंजेक्शनची तारीख परिचारिकेकडून ठरवून घ्यावी.

अभीरुत्व म्हणजे निर्भयता. ‘तिकडे नाव गेले की वेड्यांत गणती झाली’ हे भय फार खोल आहे. त्यापायी मुलीचे लग्न मोडेल, शेतीवरचा हक्क जाईल, अशी धास्ती असते. कायद्याने रोग्याच्या माहितीची गोपनीयता राखणे बंधनकारक केले आहे. जीवास धोका असणे यांसारखे थोडे अपवाद सोडता ती इतरांस देता येत नाही. रोग्यास आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शासकीय केंद्रात उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. साखळदंडाने बांधणे सर्वस्वी निषिद्ध आहे. कोणतेही औषध कशासाठी, किती दिवस आणि त्याचे तोटे काय, हे विचारण्याचा अधिकार रोग्यास आहे; आणि तो परिचारिकेपाशी संकोचाविना विचारता येतो.

औषधांची सरमिसळ : आपला विषय

आता आपल्या स्वतःच्या जबाबदारीकडे वळू. रोगी दोन्हीकडची औषधे घेतो, आणि दोन्हीकडे ते सांगत नाही. हे मौन आपण मोडले नाही तर हानी होईल. औषधी विक्रेत्यांनी पुढील चार गोष्टी दुकानात लिहून ठेवाव्यात.

दारू सोडविण्यासाठी डायसल्फिरॅम चालू असलेल्या रोग्यास कोणतेही आसव अथवा अरिष्ट देऊ नये. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांतील स्वयंजनित मद्यांश साधारणतः ५ ते १० टक्क्यांच्या घरात असतो. त्याने छातीत धडधड, ओकाऱ्या, रक्तदाब कोसळणे असा गंभीर प्रसंग ओढवू शकतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. बंदी असो वा नसो, दारू सोडू पाहणारे रोगी दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

लिथियम घेणाऱ्या रोग्यास वमन, विरेचन, तीव्र स्वेदन किंवा अलवण पथ्य देणे धोक्याचे आहे. शरीरातील पाणी व मीठ घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते आणि विषबाधा होते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; त्या दिवसांत पंचकर्म न करताही हा धोका असतो. उन्मादावरील अनेक आधुनिक औषधांनीही शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती मंदावते.

अपस्मारासाठी फेनिटॉइन चालू असताना शंखपुष्पीयुक्त कल्प दिल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटून झटके परत येऊ शकतात. ही आंतरक्रिया मुंबईतील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. आपल्याच देशातील, आपल्याच वनस्पतीवरील हे संशोधन आपल्या औषधालयांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वैद्यकविश्वापुढे मांडला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु तीच सर्पगंधा विषाद वाढवू शकते आणि अन्य औषधांसमवेत रक्तदाब फार खाली नेऊ शकते. परिचारिकेस न कळविता ती चालू ठेवू नये.

काही आक्षेप

काही वैद्यमित्र म्हणतात, ‘मानसरोगाची चिकित्सा आपल्या संहितांत आहे, सत्त्वावजय आपलाच आहे, मग परिचारिकेकडे का पाठवावे?’ सत्त्वावजय आपला आहे यात संशय नाही. तथापि अधिनियमाने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचा समावेश केला आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवी त्यासाठी पुरेशी नाही. शिवाय अहितापासून मनाचा निग्रह ही एका बैठकीत उरकणारी गोष्ट नाही. ती वारंवार, धीराने घडवून आणणारे माणूस लागते, आणि परिचारिका पुष्कळ अंशी तेच करीत असते.

दुसरा आक्षेप असा की, परिचारिकेस एवढे गहन काम झेपणार नाही. याचे उत्तर गडचिरोलीनेच जगास दिले आहे. शोधग्राम येथील ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. नीट शिकविलेली, गावाजवळची आणि नियमाने येणारी स्त्री काय करू शकते याचा हा पुरावा आहे. येथे तर आपण शिक्षित, नोंदणीकृत परिचारिकेविषयी बोलत आहोत.

तिसरा आक्षेप खरा आहे : पद भरलेले नसेल, परिचारिका रजेवर असेल, तर रोगी कोठे जाईल? म्हणूनच पाठविण्यापूर्वी दूरध्वनीने दिवस व वेळ विचारून घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व दुकानात दिसेल असा लावावा. आणि पद रिकामे असेल तर ते भरले जावे यासाठी लेखी मागणी करणे हे संघटनेचे काम आहे. तिसऱ्या पादावाचून आपलीही चिकित्सा लंगडीच राहील.

सभासदांस आमची विनंती आहे की, यापुढे एकही मानसरोगी चिठ्ठीवाचून पाठवू नये. त्या चिठ्ठीत आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा आणि दिवस असावेत. आणि खाली एक ओळ असावी की, रोगी परत आल्यावर त्याच्या आधुनिक औषधांची नावे आम्हासही कळवावीत. उपस्थात्याचे गुण सांगताना शास्त्रकारांनी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार सांगितले. हे गुण असलेली व्यक्ती जिल्हा रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत आपल्याच रोग्याची वाट पाहत असेल, तर तिला ओळखणे आणि रोग्यास तिच्यापर्यंत विश्वासाने पोहोचविणे हे भिषक् या नात्याने आपले कर्तव्य आहे.