ग्रामसभेची फाइल दप्तरात हवी

२६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा परभणी जिल्ह्यातली पुष्कळ माणसे गावात नसतात. कोणी ऊसतोडीला फडावर, कोणी पुण्या-मुंबईत कामाला. देवगाव फाट्यावरून गाडी धरून पोटासाठी बाहेर पडलेल्या मतदाराचा ग्रामसभेवरचा हक्क गाव सुटल्याने संपत नाही. घरकुलाच्या यादीत आपले नाव का नाही, पाणंद रस्त्याचे काम कोणत्या ठरावाने अडले, हे त्यालाही कळले पाहिजे. कोरोनाकाळात अंगवळणी पडलेली व्हिडिओ बैठक त्याला सभेशी जोडू शकते. ती वेळ ज्याला साधत नाही, त्याच्यासाठी रेकॉर्डिंग आहे. पण रेकॉर्डिंग पुढे राहते कुठे, याचा विचार फारसा होत नाही.

तो आता व्हायलाच हवा. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ ही प्रणाली सुरू केली. ग्रामसभेचे रेकॉर्डिंग दिले की ती कृत्रिम बुद्धिमत्तेने इतिवृत्ताचा मसुदा करून देते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे लिखाणाचे ओझे त्यामुळे हलके होईल, हे स्वागतार्हच. पण सेलू-जिंतूरकडची बोली, एकदम बोलणारी चार माणसे आणि मधेच तुटणारे नेटवर्क यांत यंत्राने भलतेच ऐकले तर दुरुस्ती कशावरून करायची? मूळ रेकॉर्डिंगवरूनच. इतिवृत्त तयार झाले म्हणून फाइल पुसणे म्हणजे पुरावा पुसणे होय.

गुगल मीटचे रेकॉर्डिंग बैठक बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाते. झूमच्या मोफत खात्यावरचे त्याच्या संगणकातच राहते. गुगलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा मेल, फोटो आणि फाइली मिळून वापरतात आणि दोन वर्षे वापर नसलेले खाते गुगल बंद करू शकते. सभा अशा खासगी खात्यावरून झाली, तर अधिकाऱ्याची बदली होताच गावाची सभाही त्याच्याबरोबर जाते. प्रोसिडिंग बुक कोणी घरी नेले तर गाव जाब विचारते. फाइलबद्दलही तोच जाब विचारला पाहिजे. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखच आहे.

कॅमेऱ्यासमोर लोक, विशेषतः महिला, मोकळेपणाने बोलणार नाहीत, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय आहे. रेकॉर्डिंग चालू असल्याचे सभेच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. आधार क्रमांक, आजार, घरगुती तंटा असे विषय निघाले की रेकॉर्डिंग थांबवावे आणि का थांबवले, याची इतिवृत्तात नोंद करावी.

बाकी नियम साधे आहेत. सभा ग्रामपंचायतीच्या अधिकृत खात्यावरूनच घ्यावी. फाइलला गाव, तारीख आणि सभेचा प्रकार यांवरून नाव द्यावे. एक प्रत कार्यालयातील हार्ड डिस्कवर, दुसरी पंचायत समितीकडे ठेवावी. नोंदवहीत तिचा क्रमांक असावा. ती किती वर्षे जपायची, हे लेखी ठरावे. बदलीच्या वेळी दप्तराबरोबर फाइली आणि पासवर्डही ताब्यात द्यावेत.

यासाठी मोठा निधी लागत नाही, स्पष्ट आदेश लागतो. परभणी जिल्हा परिषदेने तो पुढच्या ग्रामसभेआधी काढावा. ग्रामस्थांनीही त्या सभेत पहिला प्रश्न विचारावा: मागच्या सभेचे रेकॉर्डिंग कुठे आहे?